रथांचीं चाकें आणि आमचे घाट

निर्गमाच्या चौदाव्या अध्यायाच्या पंचविसाव्या वचनांत मिसरी रथांची जी अवस्था वर्णिली आहे, ती वाचतांना आमचे शेतकरी बंधु मनांतल्या मनांत हंसत असतील असें आम्हांस वाटतें. पहाटेच्या प्रहरीं समुद्राच्या तळांत शिरलेले ते रथ जड चालूं लागले, घोड्यांना ओढवेनात, आणि फारोच्या निवडक स्वारांना पळ काढावासा वाटला. इब्री प्रतींत चाकें निखळून गेलीं असा अर्थ निघतो. ग्रीक व सुरियानी ह्या जुन्या भाषांतरांत तीं जखडलीं गेलीं असा निघतो. विद्वानांनीं ह्यावर पुष्कळ लिहिलें आहे. परंतु श्रावणाच्या झडींत तळोदें किंवा शहादें तालुक्यांतील काळ्या रानांतून ज्यानें भरलेली गाडी एकदां तरी बाहेर काढली आहे, त्याला चाक जखडणें म्हणजे काय हें कोणीं सांगावयास नको.

त्या अध्यायाचा आत्मिक अर्थ सांगणें हा प्रस्तुत पाठाचा हेतु नाहीं. चाक जड कां होतें, हलकें कां होतें, वस्तु कशानें चालते व कशानें थांबते, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे. हा विषय शाळेंतल्या पोरांचा आहे असें कोणीं म्हणूं नये. आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला, तो तापीचें सपाट खोरें आणि सातपुड्याच्या रांगा ह्यांचा मिळून. धडगांव, मोलगी, तोरणमाळ ह्या बाजूच्या लोकांना दवाखाना, बाजार, कचेरी, मजुरी, सर्व कांहीं घाट उतरून गांठावें लागतें. २०२१ च्या जानेवारींत तोरणमाळकडील खडकी येथें मजुरांची गाडी दरींत गेली. २०२५ च्या ऑक्टोबरांत, दिवाळीच्या तोंडावर, अस्तंभ्याच्या यात्रेहून परतणारी पिकअप चांदसैली घाटांत कोसळली. दोन्ही वेळां कित्येक घरांतील कर्ते पुरुष व तरुण मुलें गेलीं. त्या अपघातांचें कारण ठरविण्याचा आम्हांस अधिकार नाहीं, आणि तें आम्ही ठरवीतहि नाहीं. परंतु त्याच घाटांतून उद्यां आमचीच माणसें उतरणार आहेत.

तर आतां मुळापासून पाहूं. चालती वस्तु आपोआप दमते व थांबते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बैल दमतो, तसा गडगडणारा दगडहि दमत असावा. ॲरिस्टॉटल नांवाच्या ग्रीक तत्त्ववेत्त्याचें मतहि ह्याच धाटणीचें होतें: ढकलणारा सतत ढकलीत असेल तोंवरच वस्तु चालेल. हें मत जवळजवळ दोन हजार वर्षें टिकलें. पुढें इटलींतील गॅलिलिओ ह्यानें उतरत्या फळ्यांवर गोळे सोडून पाहिले व १६३८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि १६८७ सालीं इंग्लंडांतील न्यूटन ह्यानें गतीचे तीन नियम मांडले. त्यांतील पहिला नियम असा, कीं स्थिर वस्तु स्थिर राहते आणि चालती वस्तु त्याच वेगानें सरळ रेषेंत चालत राहते. बाहेरून कांहीं जोर लागल्याशिवाय ती सुरू होत नाहीं, वळत नाहीं व थांबतहि नाहीं. ह्या जोरास शाळेच्या पुस्तकांत बल म्हणतात.

वाचकहो, ह्याची परीक्षा घरींच पाहा. एक गोटी शेणानें सारवलेल्या अंगणांत सोडा. ती चार हात जाऊन थांबेल. तीच गोटी तितक्याच जोरानें देवळाच्या फरशीवर सोडा. ती भिंतीपर्यंत जाईल. गोटी तीच, हात तोच. मग फरशीवर तिला थकवा कमी कां आला? अर्थात् गोटी थकत नाहीं. तिला जमीन अडवीत असते. अडवणूक जितकी कमी, तितकी ती दूर जाते. आणि अडवणूक मुळींच नसेल तर? अमेरिकेनें १९७७ सालीं आकाशांत सोडलेलें व्हॉयेजर नांवाचें यान अद्यापि सूर्यापासून दूर दूर धांवतच आहे. त्याला पुढें रेटणारें इंजिन चालू नाहीं. तेथें रस्ता नाहीं, वारा नाहीं, चिखल नाहीं. म्हणून थांबणेंहि नाहीं.

ह्या अडवणुकीचें नांव घर्षण. एक वस्तु दुसरीला लागून सरकूं लागली म्हणजे त्या दोहोंमध्यें सरकण्याच्या उलट दिशेस जो जोर उत्पन्न होतो, तें घर्षण होय. नंदुरबारच्या बाजारांत मिरचीचीं पोतीं ओढणाऱ्या हमालाला ह्याचे नियम पुस्तकावांचून ठाऊक असतात. एका पोत्यावर दुसरें ठेवलें कीं ओढण्यास दुप्पट जोर लागतो. हें कोणासहि पटेल. परंतु तेंच घट्ट भरलेलें पोतें आडवें ओढा कीं उभें ओढा, जोर सारखाच लागतो, हें सहसा पटत नाहीं. आडव्या पोत्याचें अधिक अंग जमिनीला लागतें, तेव्हां तें अधिक अडावें, असा आमचा तर्क. फ्रान्स देशांतील आमोंतों ह्यानें १६९९ सालीं हीच गोष्ट विद्वानांच्या सभेपुढें मांडली, तेव्हां तिजवर शंका घेणारे तेथेंहि निघाले. पुढें सुमारें ऐंशी वर्षांनीं कूलों ह्यानें कसून प्रयोग केले व ती खरी ठरविली. ह्याचें कारण विसाव्या शतकांत स्पष्ट झालें. गुळगुळीत दिसणारा पृष्ठभागहि सूक्ष्मपणें पाहिला असतां सातपुड्यासारखा, म्हणजे शिखरें व दऱ्या ह्यांनीं भरलेला असतो. दोन वस्तु एकमेकींवर ठेवल्या कीं शिखरांस शिखरें तेवढीं टेंकतात, बाकीचें अंग अधांतरींच असतें. भार वाढला कीं शिखरें चेपतात व खरा स्पर्श वाढतो. वस्तु आडवी कीं उभी, ह्यानें त्या स्पर्शाच्या बेरजेंत फरक पडत नाहीं.

आणखी एक गोष्ट. थांबलेली वस्तु हलविण्यास जितका जोर लागतो, तितका ती हलल्यावर चालती ठेवण्यास लागत नाहीं. म्हणून गाडी निघतांना बैल माना खालीं घालून, खुर रोंवून एक मोठा हिसका देतात. एकदां चाक फिरलें कीं जूं हलकें होतें. पुनरुत्थानाच्या दिवशीं कबरेकडे निघालेल्या स्त्रियांना वाटेंत जी काळजी पडली होती, ती धोंडेची होती. मार्क सांगतो कीं धोंड फार मोठी होती. अशी धोंड लोटण्यांतील खरी अडचण पहिल्या हिसक्याची असते, आणि दोन-तीन स्त्रियांच्या अंगांत तो हिसका देण्याचें बळ नसतें. त्यांची काळजी अगदीं व्यवहारी होती.

धोंड ओढण्यापेक्षां लोटणें सोपें, हेंच चाकाचें रहस्य आहे. चाक जमिनीवर घासत नाहीं, टेंकत टेंकत पुढें जातें. घासणें उरतें तें कण्यावर, तुंब्याच्या आंत, आणि तेथें वंगण घालून आपण त्याचाहि बंदोबस्त करतों. वंगणाचा पातळ थर शिखरांस शिखरें टेंकूं देत नाहीं. मोटारींत ह्याच जागीं पोलादी गोळ्यांचें बेअरिंग असतें. इतकें करूनहि काळ्या रानांत गाडी जड होते, कारण लोखंडी धांवेचें अरुंद चाक मऊ जमिनींत रुततें; मग त्याला प्रत्येक क्षणीं आपल्याच चाकोरीतून वर चढावें लागतें, म्हणजे सपाट रानांतहि तें सदा चढणीवरच असतें. मिसरी रथांचीं चाकें तर ह्याहून अरुंद होतीं. रुंद रबरी टायरच्या बैलगाड्या आल्यापासून हें कष्ट पुष्कळ कमी झाले. उलट आगगाडी पाहा. पोलादी रुळावर पोलादी चाक रुतत नाहीं. सुरत-भुसावळ मार्गावर नवापूर-नंदुरबारवरून जाणाऱ्या मालगाडींतील एक टन मालाला सपाट रुळावर हळूहळू चालतें ठेवण्यास सुमारें दोन किलो वजन उचलण्याइतकाच जोर पुरतो. आमच्या बैलांना हें कळलें असतें तर त्यांनीं निश्चित तक्रार केली असती.

येथवर वाचून कोणी म्हणेल, घर्षण हा तर मनुष्याचा वैरीच. तसें नाहीं. शेवाळलेल्या खडकावरून ओढा ओलांडतांना पाय कां निसटतो? पाऊल पुढें पडतें तें आपण जमिनीला मागें रेटतों म्हणून, आणि जमीन तो रेटा घेते ती घर्षणामुळें. घर्षण नसेल तर चालणें नाहीं, गांठ बसणें नाहीं, खिळा भिंतींत टिकणें नाहीं. तापीकांठीं सारंगखेड्यास डिसेंबरांत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथें जाणता गिऱ्हाईक घोड्याचे दांत पाहतो तसेच नालहि पाहतो. आगगाडीचें इंजिनहि ह्याच घर्षणावर चालतें. रूळ इतके गुळगुळीत, कीं पावसांत किंवा चढणीवर इंजिनाचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. म्हणून इंजिनांत वाळू भरलेली असते, ती नळीनें चाकापुढें सोडतात. पोलादाखालीं वाळू चिरडते व चावते. परंतु डांबरी वळणावर पडलेली खडी रबरी टायराखालीं चिरडत नाहीं, ती गोट्यांसारखी गडगडते, आणि तिच्यावरून टायर सरकतो. एकच पदार्थ एके ठिकाणीं तारतो व दुसरे ठिकाणीं मारतो. तेव्हां ऐकीव ज्ञानावर विसंबूं नये.

आतां घाटाकडे वळूं. घाट उतरणाऱ्या गाडीचा जीव दोन ठिकाणच्या घर्षणावर टांगलेला असतो: एक टायर व रस्ता ह्यांमधलें, दुसरें ब्रेकच्या आंतलें. ड्रायव्हर ब्रेक दाबतो तेव्हां लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडाला दाबून घासतात व चाक मंदावतें. चाक मंदावलें कीं टायर रस्त्याला धरतो व गाडी मंदावते. दोहोंपैकीं एक जरी सुटलें, तरी न्यूटनाचा पहिला नियम तेथेंच लागू होतो, आणि गाडी त्याच वेगानें सरळ रेषेंत जाते. वळणावर सरळ रेषेंत काय असतें, हें घाट पाहिलेल्यांस सांगणें नको.

चांगला टायर कोरड्या डांबरावर गाडीच्या भाराच्या सुमारें दहांत सात हिस्से इतका जोर धरतो, ओल्या रस्त्यावर सुमारें चार हिस्से. हे आंकडे रस्त्यागणिक बदलतात, तरी हिशेबास पुरे आहेत. ताशीं २० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सवादोन मीटरांत थांबूं शकते. वेग दुप्पट, म्हणजे ४० झाला, तर साडेचार मीटर लागावे असें वाटतें. परंतु लागतात ९, कारण वेग दुप्पट झाला कीं गाडीच्या अंगांतील जोम चौपट होतो. रस्ता ओला असेल तर ९ चे १६ होतात. त्यांतच दहा मीटरांस एक मीटर असा उतार असेल, तर १६ चे २१ होतात. शिवाय संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यांत ४० च्या वेगानें गाडी ११ मीटर पुढें गेलेली असते. एकूण ३२ मीटर झाले. सातपुड्याच्या घाटांत किती ठिकाणीं पुढचा ३२ मीटर रस्ता दिसतो?

वळणाचा हिशेब ह्याहून कठोर आहे. वळणें म्हणजे सरळ जाऊं पाहणाऱ्या गाडीला टायरनें आडवें ओढून धरणें होय. १५ मीटर त्रिज्येच्या अरुंद वळणावर ताशीं २० च्या वेगास भाराच्या दहांत दोन हिस्से जोर पुरतो. ३० च्या वेगास पावणेपांच हिस्से लागतात, आणि ओला रस्ता देतो चारच. ४० च्या वेगास आठांहून अधिक लागतात, आणि तितके तर कोरडा रस्ताहि देत नाहीं.

येथें एक शहाणा वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, तुम्हींच आतां सांगितलें कीं भार वाढला कीं घर्षण वाढतें. मग गाडींत पंधराच्या जागीं चाळीस माणसें भरलीं तर टायर अधिक घट्ट धरील, भीति कसली? शंका चांगली आहे, आणि टायरापुरती ती बव्हंशीं खरीहि आहे. पण ब्रेक वाढत नाहींत. ते कारखान्यांत ठराविक भाराकरितां बसविलेले असतात. दुसरें असें, कीं पाठीमागें उभीं राहिलेलीं माणसें गाडीचें वजन उंच नेतात, आणि उंच वजनाची गाडी वळणावर टायर सरकण्यापूर्वींच कलंडते. टायरनें चांगलें धरलें हेंच तिच्या कलंडण्यास कारण होतें. चाऱ्याची उंच भरलेली गाडी बांधावरून नेतांना हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. मालवाहू गाडींतून माणसें नेण्यास कायद्याची मनाई आहे, ती उगीच नाहीं.

तिसरी गोष्ट उष्णतेची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत कमी ठाऊक असलेली आहे. हात चोळले कीं ऊन होतात, तसे लायनरहि होतात. माणसें धरून तीन टन भरणारी गाडी ५०० मीटर उंचीवरून खालीं उतरली, आणि तिचा सर्व जोम ब्रेकनींच गिळला, तर इतकी उष्णता उत्पन्न होते कीं तिनें ५० लिटर साधें पाणी उकळीस यावें. मोठ्या दोन हंड्यांचें हें पाणी. एवढी आंच चाकांच्या पोटांतील चार लहान जागांत अर्ध्या तासांत कोंडली जाते. अतिशय तापलेला लायनर घट्ट धरीत नाहीं. पाय दाबला तरी गाडी मंदावत नाहीं. ब्रेकचें तेल फार तापलें तर त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायडल नुसतें खालीं जातें. लोक म्हणतात, ब्रेक फेल झाला. तो एकाएकीं फेल झालेला नसतो. वरच्या दहा वळणांवर तो हळूहळू शिजत आलेला असतो.

डिझेल वांचावें म्हणून घाटांत गाडी न्यूट्रल करून सोडण्याची एक खोड पुष्कळ ड्रायव्हरांना असते. तिचा आम्हांस खरोखर संताप येतो. गाडी गियरमध्यें असतां चाकें इंजिनाला फिरवितात व इंजिन चाकांना आंवरतें. हा एक तिसरा ब्रेक आहे, आणि तो लायनर तापवीत नाहीं. न्यूट्रल करणारा मनुष्य तो आपल्या हातानें काढून टाकतो आणि सगळा भार त्या तापणाऱ्या लायनरांवर सोडतो. नव्या गाड्यांत तर गियरमध्यें उतरतांना डिझेल सहसा जळतच नाहीं. यंत्र स्वतःच तें तोडतें. म्हणजे वांचलें काय? जुन्या ड्रायव्हरांचा नियम सोपा होता: ज्या गियरनें घाट चढावा लागतो, त्याच गियरनें तो उतरावा.

मंडळ्यांच्या पुढाऱ्यांस व उपदेशकांस आमचें सांगणें आहे. ख्रिस्ती मेळाव्याला, लग्नाला किंवा दुखणाइताला घेऊन जाण्यास गाडी ठरविण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं तुमच्याकडेच येतें. निघण्यापूर्वीं प्रार्थना होते, हें योग्यच आहे. परंतु मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास जो सुचवीत होता, त्याला प्रभूनें काय उत्तर दिलें तें तुम्हीं कितीदां तरी शिकविलें आहे. आमेन म्हटल्यावर गाडीभोंवतीं एक फेरी मारा. टायरवरील नक्षी झिजून गेली आहे काय पाहा. कोरड्यांत ती नसली तरी निभावतें, पण पावसांत टायराखालचें पाणी त्या खांचांतूनच बाहेर पडतें. माणसें अधिक झालीं तर दोन खेपा करा, भाडें दुप्पट पडलें तरी. घाटाच्या माथ्यावर ड्रायव्हरानें खालचा गियर घातला कीं नाहीं हें त्याच्या शेजारीं बसणाऱ्यानें विचारावें, लाजूं नये. उतरतांना जळक्या रबरासारखा वास आला तर गाडी रुंद जागीं थांबवून अर्धा तास निवूं द्यावी. तापलेल्या चाकावर पाणी ओतूं नये, लोखंड तडकतें.

शब्बाथशाळेंत हा पाठ घ्यावयाचा असल्यास वरील आंकडे मुलांना पाठ करावयास लावूं नका. चार हात लांबीची एक फळी, एक जुनी रबरी चप्पल व एक विटेचा तुकडा आणा. चप्पल फळीवर ठेवून तिच्यावर वीट ठेवा, आणि फळीचें एक टोंक हळूहळू उचला. चप्पल सरकूं लागेल त्या क्षणीं थांबा, आणि उचललेल्या टोंकाची उंची मोजा. मग त्या टोंकाच्या बरोबर खालच्या जागेपासून फळीच्या दुसऱ्या टोंकापर्यंत जमिनीवरील अंतर मोजा. उंचीला त्या अंतरानें भागल्यास भाराचा कितवा हिस्सा चप्पल धरते तें निघेल. मग वीट काढून पुन्हां करा. सरकण्याची उंची जवळजवळ तीच येईल, आणि मुलें बुचकळ्यांत पडतील. त्यांना थोडें पडूं द्या. नंतर फळी ओली करा, उंची कमी होईल. शेवटीं फळी पुसून तिच्यावर मूठभर ज्वारी पसरा, चप्पल ठेवा आणि टोंक उचलूं लागा. फळी जमिनीपासून चार बोटें वर जाण्यापूर्वींच मुलें ओरडतील.